कातीलाही वाफसा लागतो



पेरण्या उरकल्या. आता कोळपणी-खुरपणीचे दिवस. बांधाला गवत चढलं की दगडांच्या खाचेत, कुंपणाच्या काट्यात, वैरणीच्या गंजीखाली सापाची कात सापडते आणि शाळकरी पोरं ती काठीवर घेऊन गावभर मिरवतात. दर पावसाळ्यात मला कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "साहेब, ही कात कसल्या सापाची? साप अजून इथंच असेल का?" त्याचं उत्तर आज देणार आहे. पण त्याआधी एका अडकलेल्या कातीची हकिगत सांगतो. ती आपल्या शिवारातली नाही, मुंबईत वाकोल्याला घडली. तीत माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

माझी धाकटी बहीण वाकोल्याला राहते. वाकोला म्हणजे सांताक्रूझच्या पूर्वेला, हायवेला लागून. एके काळी तिथं भाताची खाचरं होती म्हणे. आता इमारतीला इमारत खेटलेली आणि डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने साप पाळलाय. हे ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. माझ्याही पडली होती. आपण सापापासून पोरंबाळं जपायची आणि या शहरातल्या पोरांनी तो पैसे देऊन घरात आणायचा!

कायद्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या घरातलीही पोरं मोबाईलवर असलं काही बघून उद्या हट्ट धरतील. आपल्या देशातला कोणताही साप, मग तो नाग असो, धामण असो की गरीब दिवड, पकडून घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "विषारी नाही, मग काय बिघडलं?" ही सबब चालत नाही. भाच्याचा साप परदेशी आहे. पश्चिम आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. बॉल पायथन म्हणतात त्याला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो म्हणून ते नाव. विष नाही. असल्या परदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये निघाले. भाच्याकडे कागद होते, मी स्वतः पाहिले. पण हे प्राणी चोरवाटेनेही येतात. डिसेंबर २०२३ मध्ये वाकोल्याच्या शेजारच्या त्याच विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटा-केकच्या पुड्यांत दडवलेले असेच अजगर आणि दुसरे साप महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी पकडले होते. माझं मत विचाराल तर साप पाळूच नये. पण एकदा दावणीला जनावर बांधलं की ते आवडतं की नावडतं हा प्रश्न राहत नाही. त्याचं दाणापाणी आपल्या गळ्यात पडतं.

तर एप्रिलमध्ये एके रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, याची कात नीट निघत नाहीये. तुकडे तुकडे पडतायत. तुम्ही ॲग्रीचे ना, काहीतरी सांगा." आता बी.एस्सी. ॲग्रीकल्चर झालेल्या माणसाला गायीच्या कासेपासून आंब्याच्या मोहोरापर्यंत सगळं कळतं असा घरच्यांचा समज असतो. आणि खरं सांगायचं तर तीस वर्षं लोकांनी साहेब साहेब म्हटल्यावर तो आपलाही होऊन बसतो. त्याने फोटो पाठवले. पाठीवर वाळक्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल जागोजागी चिकटलेली, शेपटीला बांगडीसारखे वेढे. मी खाटेवर पडल्या पडल्या सांगून टाकलं, "खोबरेल लाव, जरा मुरू दे, आणि हलक्या हाताने सोलून घे."

पोराने मामाचा शब्द मानला. तेल लावलं आणि सोललं. दोन ठिकाणी साल सुटली. तिसऱ्या ठिकाणी जुन्या कातीबरोबर खालचं कोवळं कातडंही आलं, रुपयाच्या नाण्याएवढं, आणि खालचं लालभडक मांस दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी फोन भाच्याचा नव्हता, बहिणीचा होता. ती त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. पण म्हणाली, "दादा, तू सांगितलंस म्हणून केलं त्याने. रात्रभर झोपला नाही. आता ते मेलं तर पोराच्या जन्माला लागेल रे."

जे पीक आपण कधी केलं नाही, त्यावर फोनवरून औषध सांगायचं नाही, हे मी दुसऱ्यांना किती वेळा बजावलं असेल! शनिवारी सुट्टी होती. साताऱ्याहून बोरिवलीच्या एसटीत बसलो आणि वाकोल्याच्या पुलाजवळ उतरलो. पिशवीत एक वस्तू मुद्दाम घेतली होती. तिचं पुढं सांगतो.

आधी कात म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याही अंगाची कातडी झडते, पण ती कोंड्यासारखी, रोज थोडी थोडी. सापाची तशी झडत नाही. त्याच्या अंगावरचा सगळ्यात वरचा थर मेलेला, खवल्यांचा, आपल्या नखासारख्या पदार्थाचा असतो. तो ताणत नाही. म्हणून खाली नवा थर तयार झाला की जुना सगळा एकदम उतरवावा लागतो. वाढत्या वयात लवकर लवकर, मोठेपणी वर्षातून काही वेळा. जुन्या आणि नव्या थराच्या मध्ये पातळ पाण्यासारखा रस सुटतो. त्या दिवसांत साप मळकट दिसतो आणि डोळे दुधी-निळसर होतात, मोतीबिंदू झाल्यासारखे. त्याला नीट दिसत नाही, तो खात नाही, चिडतो, कोपऱ्यात दडून बसतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. माणसाला वाटतं, झालं, बरा झाला. पण कात निघते ती त्यानंतर दोन-चार दिवसांनी. साप ओठाची कड दगडावर, मुळीवर घासतो, तिथं कात सुटते, मग तो तिच्यातून पुढं सरकत जातो आणि पायमोजा उलटा काढावा तशी सगळी कात आतली बाजू बाहेर होऊन मागं राहते. निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड असते.

यात डोळ्याची गंमत आहे. सापाला पापणी नसते. डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. कात हातात घेऊन उजेडात धरली तर डोळ्यांच्या जागी दोन चकत्या दिसतात. त्या दिसल्या नाहीत तर समजायचं, त्या सापाच्या डोळ्यावरच राहिल्या.

दोन थरांमधला तो ओलावा, सगळं त्याच्यावर अवलंबून. तो असला तर कात सुटते. सुकला तर जुना थर नव्यावर खळीने चिकटवल्यासारखा बसतो. मग ओढलं की दोन्ही येतात. मी नेमकं तेच करायला सांगितलं होतं.

खोलीत शिरलो तर अंगावर काटा आला, सापाने नव्हे, गारठ्याने. भाचा घरूनच काम करतो, त्यामुळे एसी दिवसरात्र चालू. काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, झाकणावर उष्णतेचा दिवा. आफ्रिकेतला प्राणी, त्याला ऊब हवी म्हणून. पाण्याची वाटी होती, आपण चिमणीला ठेवतो तेवढी. उष्णता मोजायला यंत्र होतं, ओलावा मोजायला काही नव्हतं.

आता पिशवीतली वस्तू. आमच्याकडे काही शेतकरी तुतीवर रेशीम करतात, त्यांच्या कीटकसंगोपनगृहात मी नेहमी नेतो ते आर्द्रतामापक यंत्र. ते पेटीत ठेवलं. अर्ध्या तासाने काटा छत्तीस टक्क्यांवर थांबला. मग तेच खिडकीबाहेर धरलं, तर तिथं सत्तरच्या वर. बाहेर माणसं घामाने निथळत होती आणि त्याच भिंतीच्या आत दुष्काळ पडला होता. भाच्याला विश्वास बसेना. मी त्याला खिडकीतून खाली वाकून बघायला लावलं. एसीच्या नळीतून टप टप पाणी गळत होतं. म्हटलं, "बघ, तुझ्या खोलीतल्या हवेतलं पाणी ते. दिवसरात्र बाहेर टाकतोस. वर दिव्याने उरलेली हवा तापवतोस. तापलेली हवा जास्त तहानलेली असते, जिथून मिळेल तिथून ओल ओढते. बेदाण्याचं शेड असतं ना, तसं केलंयस या पेटीचं."

हा अजगर त्याच्या मुलखात कुठं राहतो हे त्यानेच मला मोबाईलवर दाखवलं. उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला नाग तरी वारुळात का जातो? वारूळ त्याने बांधलेलं नसतं, बांधते वाळवी. पण उन्हाळ्यात वरची माती भाजून निघते तेव्हाही खोल आत वारूळ गार आणि दमट असतं. साप आपल्या पायांनी, म्हणजे पोटाने म्हणा, ओल शोधत जातो. कात टाकायच्या दिवसांत तर हमखास. विहिरीच्या कपारी, पाटाच्या कडेची भेग, उसाचं पाचट, गोठ्यामागचा उकिरडा, त्याला हवं ते शिवारात आहे. पेटीतल्या सापाला मात्र तेवढंच मिळतं जेवढं पेटीत ठेवलंय.

रविवारी सकाळी आम्ही त्याला उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, टोपलीत ठेवून पशुवैद्याकडे नेलं. साप बघणारे पशुवैद्य मुंबईतही मोजकेच. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे, पण आम्ही ओळखीने दुसरीकडे एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी जखम धुतली, मलम लावलं आणि मला विचारलं, "तेल कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मी." त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी केलं ते बघण्यासारखं होतं, कारण त्यात त्यांनी फारसं काही केलंच नाही. पसरट टबात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवलं तर गार ना गरम असं, सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीएवढं. त्यात त्याला ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत, कारण थकलेला साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. मग ओल्या जाड पंचाच्या घड्या करून त्यातून त्याला आपला आपण सरकू दिला. पंचा धरायचा, साप ओढायचा नाही. साप पुढं जातो, घासलं जाऊन साल मागं राहते. पाठीवरचे बरेच पापुद्रे असेच उतरले. जे उतरले नाहीत ते तसेच ठेवले. शेपटीचे वेढे मात्र त्यांनी ओल्या कापसाने भिजवून भिजवून, डोक्याकडून टोकाकडे हळूहळू गुंडाळत काढले. त्याला घाई होती. शेपटीला किंवा कुठंही कातीची अंगठी राहिली आणि वाळत गेली, की ती आवळते, रक्त पोचत नाही आणि पुढचा भाग मरतो. वासराच्या पायाला सुतळीचा फास राहून खूर गेल्याचं तुम्ही पाहिलं असेल, तसंच. टोकाचा एक पेराएवढा भाग काळा पडलाच होता. म्हणाल्या, हा वाळून गळेल.

डाव्या डोळ्यावर एक नव्हे, दोन चकत्या बसल्या होत्या. आधीच्या वेळची एक, या वेळची एक. भाच्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, आता चिमटा काढतील. त्यांनी हात मागं घेतले. "याला हात लावायचा नाही. खालचा डोळा त्याच्याबरोबर येईल. ओलावा द्या आणि पुढच्या कातीची वाट बघा. तेव्हाही नाही निघाली तर घेऊन या, आपण इथं बघू." चिमटा, नख, चिकटपट्टी यातलं काहीही डोळ्यापाशी न्यायचं नाही, हे त्यांनी भाच्याकडून दोनदा वदवून घेतलं. अंगावर बारीक किडा, गोचिडासारखा, आहे का तेही पाहिलं, कारण त्यानेही कात अडकते. जुनी जखम, भाजलेली जागा, उपासमार, पाणी कमी पडणं, ही बाकीची कारणं. इथं किडा नव्हता. इथं कोरडेपणा होता, आणि त्यावर आमचे हात.

परतल्यावर आम्ही पेटी सुधारायला घेतली. हे काम मात्र माझ्या ओळखीचं होतं. एसीच्या खोलीतून पेटी हलवून बाहेरच्या खोलीत आणायची म्हटल्यावर बहीण देवघरापाशी जाऊन उभी राहिली. पण आणू दिली. जाळीचं झाकण निम्मं झाकलं. पाण्याचं भांडं मोठं, साप आत बसेल एवढं ठेवलं. आणि एक झाकणाचा डबा घेऊन त्याला बाजूने भोक पाडलं, आत रोपवाटिकेत वापरतो तो नारळाचा भुसा, कोकोपीट, भिजवून भरला.

भाच्याने विचारलं, "किती ओला ठेवू, मामा?" त्याने बादलीभर पाणी ओतून चिखल करून ठेवला होता. मी एक मूठ घेऊन दाबली. बोटांतून पाणी आलं. ते पिळून टाकलं, पुन्हा दाबली. गोळा झाला, पाणी टपकलं नाही, बोटाने टोचलं तर गोळा फुटला. म्हटलं, "हा वाफसा. एवढाच." तुम्हाला हे सांगायला नको. पेरणीआधी मातीची मूठ दाबून आपण हेच बघतो. कोरड्यात बी उगवत नाही आणि चिखलात कुजतं. सापाचंही तेच. सतत चिखलात बसला तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात, कातडी कुजते. एरवी पेटीत पन्नास ते साठ टक्के ओलावा, डोळे दुधी झाले की सत्तरच्या आसपास, हवा खेळती, आणि एका बाजूला कोरडी जागाही हवी, म्हणजे त्याचं तो ठरवेल. शिवाय डोळे दुधी दिसले की त्याला खायला घालायचं नाही, हाताळायचं नाही, मित्रांना दाखवायला बाहेर काढायचं नाही.

एक वेगळी गोष्ट इथं आठवली म्हणून सांगतो. रेशमाचा किडा चार वेळा कात टाकतो, हे तुती लावणाऱ्यांना माहीत आहे. त्या वेळी आपण पाला देणं थांबवतो, चुन्याची भुकटी मारून शय्या उलट कोरडी करतो. म्हणजे कात टाकणारा प्रत्येक जीव ओलच मागतो असं नाही. ज्याचं त्याचं शास्त्र वेगळं. दोघांत सारखं एवढंच, की त्या वेळी त्यांना डिवचायचं नाही.

आता आपल्याकडं येऊ. श्रावण तोंडावर आहे आणि नागपंचमीला अजूनही कुठं कुठं टोपली घेऊन कुणी दारात येतं. टोपलीतला नाग तुम्ही नीट पाहिलाय का? दात उपटलेले, कधी तोंड दोऱ्याने शिवलेलं, आठवडेच्या आठवडे पाणी नाही. कोरड्या वेताच्या टोपलीत कात अडकलेली, डोळ्यावर जुन्या चकत्या, वर हळदकुंकू. तो दूध पितो ते तहानेने पितो. दूध हे सापाचं अन्न नाही, ते त्याला पचत नाही. तो नाग बहुधा पुढं जगत नाही. माझ्या भाच्याने निदान डॉक्टर गाठला. टोपलीतल्या नागाला कोण नेणार? तेव्हा दारात टोपली आली तर पैसे देऊ नका, वनखात्याला १९२६ या नंबरवर कळवा. आयाबायांनी पूजा पाटावरच्या चित्राची, मातीच्या नागाची करावी. आपल्या आज्या तेच करत होत्या.

आणि शिवारात डोळे दुधी झालेला, मळकट, सुस्त साप दिसला तर त्याला आजारी समजून पाणी ओतायला, साल ओढायला जाऊ नका. तो आजारी नाही, कात टाकायला टेकलाय. त्या वेळी त्याला कमी दिसतं, म्हणून तो जवळ आलेल्या कशावरही तोंड टाकतो. चार-आठ दिवस ती गंज, तो दगडाचा ढीग सोडून द्या. कडबा काढायचाच असेल तर आधी लांब काठीने हलवा, हात सरळ आत घालू नका, रात्री बॅटरीशिवाय गोठ्यात जाऊ नका. साप घरातच बसला असेल तर सर्पमित्राला बोलवा. आणि कुणाला चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही एकच लस चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला चावा होतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. कात सापडली म्हणजे साप तिथंच बसलाय असं नाही. कात टाकून तो बहुधा पुढं निघून गेलेला असतो. पण ती जागा त्याला मानवली होती, एवढं नक्की. म्हणजे तिथं ओल आहे, आडोसा आहे, आणि बहुतेक उंदीर आहेत. घराजवळ सापडली तर उंदरांची बिळं बुजवा, भिंतीला टेकलेली लाकडं-विटा हलवा. कातीच्या लांबीवरून घाबरू नका. उतरताना ती ताणली जाते, त्यामुळे सापापेक्षा नेहमी लांब भरते. जात ओळखणं जरा जिकिरीचं आहे. तरी पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ नाकासमोर सरळ गेलेली दिसली तर मण्यारीचा संशय धरावा. खवल्या-खवल्यावर मधे उभी धार असून कात खरबरीत लागली तर घोणस-फुरशाचा, पण दिवडीच्याही खवल्यांना धार असते. नागाची आणि धामणीची गुळगुळीत. संशय असेल तर वहीच्या दोन पानांत ठेवून जाणत्याला दाखवा, स्वतः निकाल लावू नका. कात तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो म्हणतात. माझ्या माहितीत एका घरी ठेवली होती, तिला वाळवी लागली आणि शेजारच्या सातबाऱ्यालाही.

परवा बहिणीचा मुलगा गावी आला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. जून संपता संपता त्याच्या अजगराने कात टाकली होती, रात्री, त्या डब्यात, कुणी बघत नसताना. ओसरीवर पसरली. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, चार फूट तीन इंच. साप साडेतीन फुटांचा आहे. पाठीवर जिथं कातडं सोललं गेलं होतं तिथं कातीत एक जाड, वेडावाकडा ठिपका होता. शेपटीचं टोक बोथट. मी चष्मा लावून डोळ्यांची जागा उजेडात धरली. उजवीकडे एक चकती होती. डावीकडे तीन होत्या, एकावर एक.